आवाज ओळखून चाबी घेजो

हल्ली आमच्या सेंटरमधल्या कॉम्प्युटरची चाबी, म्हणजे स्कॅन कुलूपबंद करणारी आकड्या-अक्षरांची चाबी, आपोआप बदलते. कोणाला विचारत नाही, सांगत नाही. पडद्याच्या कोपऱ्यात एक हिरवी खूण येते, संपलं. अकोल्याहून पेशंटचे स्कॅन निघतात, वाटेत कोणी पाहिले तर अक्षर लागू नये असे त्यांचे तुकडे-तुकडे होतात आणि अमरावतीच्या डॉक्टरांच्या टेबलावर जसेच्या तसे उघडतात. सगळं कसं छान. आणि मला त्या हिरव्या खुणेचा असा राग येतो म्हणता! कारण पूर्वी चाबी बदलायची म्हणजे फोन वाजायचा, आणि फोनवर बंडूभाऊ असायचे.

बंडूभाऊ पाठक आमच्या स्कॅन सेंटरच्या सगळ्या शाखांचं नेटवर्क सांभाळायचे. ते अमरावतीला, मी अकोल्याला. मी सीटी स्कॅनची टेक्निशियन. पण कॉम्प्युटरला हात लावायला भीत नाही एवढ्याच गुणावर इथल्या नेटवर्कचंही काम माझ्या गळ्यात पडलं. आमची जवळजवळ सगळी ओळख फोनवरची. त्यांचा चेहरा आठवायला मला आजही क्षणभर थांबावं लागतं. आवाज मात्र कधीही आठवतो. चढा, भरड, तंबाखू-सुपारीचा खर्रा खाऊन खाऊन घोगरा झालेला. तो आवाज आधी गेला, आणि पुढे वर्षभरात ते गेले. मधल्या काळात त्यांनी बोलायचंच नाही असं ठरवून टाकलं होतं. त्यांच्या बायकोला, सुलभावहिनींना, तेव्हा एकच ध्यास होता, की या माणसाने परत बोलावं. कसंही बोलावं, पण बोलावं.

बंडूभाऊंचे वडील भिक्षुकी करायचे. मुलगा इंजिनिअर झाला, पुण्याला नोकरीला लागला आणि थोड्याच वर्षांत परत आला. काहून आले म्हणून मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "तिथी मी बोललो की लोक म्हनत, पाठक, रागावलात का? अन् मी तं बापा चहा घेता का म्हनून विचारून राहिलो होतो. किती दिवस समजावून सांगाचं?"

आपल्या मुंजीची गोष्ट ते नव्या माणसाला हमखास सांगायचे. वडिलांनी डोक्यावरून उपरणं घेतलं आणि कानात मंत्र सांगितला, कोणाला ऐकू जाऊ नये असा. "माह्या आयुष्यातली ती पयली गुप्त चाबी. अन् मांडवातून बाहेर येतो तं शेजारच्याच्या टेपवर तोच मंत्र लागलेला, मोठ्या आवाजात! मी बापाले म्हनलं, बाबा, फुटली नं चाबी. बापानं पाठीत धपाटा घातला." हे सांगून स्वतःच इतके हसायचे की पुढचं बोलणं राहून जायचं.

एकदा सगळ्या शाखांच्या लोकांना त्यांनी अमरावतीला शिकवणीला बोलावलं. आम्हाला वाटलं, आता फळ्यावर बाण काढतील आणि आम्ही माना डोलावू. तर यांनी आणला कडी-कोयंड्याचा स्टीलचा डबा आणि बेसनाचा एक लाडू. एक उघडं कुलूप चहावाल्याच्या हातून आमच्याकडे पाठवलं. स्वतः हॉलच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन उभे राहिले आणि तिथून ओरडून म्हणाले, "माझं कुलूप आलं का? उघडं आहे नं? कुलूप मी कोनालेही देतो. चाबी फक्त माझ्यापाशी. लाडू ठेवा, कुलूप दाबा, अन् डबा हातोहात माझ्यापर्यंत येऊ द्या. कोनाची हिंमत आहे मधात उघडाची?" आम्ही लाडू ठेवला, कुलूप खटकन लावलं, डबा पुढे सरकवला. अर्ध्या वाटेवर तोच चहावाला उभा. त्याने शांतपणे खिशातून चाबी काढली, डबा उघडला आणि आमच्या डोळ्यांदेखत लाडू तोंडात टाकला.

हॉलमध्ये एकच हशा. बंडूभाऊ मात्र हसले नाहीत. "डबा पक्का होता, कुलूप पक्कं होतं. मंग लाडू कुठी गेला? कुलूपच याचं होतं! मधात उभं राहून यानं माझ्या कुलपाच्या जागी आपलं कुलूप देलं. तुमच्यापैकी एकानं तरी विचारलं का, भाऊ, हे कुलूप तुमचंच का?"

तेवढ्यानेच सगळं समजलं. आजवर या विषयावर मी जे काही वाचलं, ते त्या लाडवाच्या पुढे गेलेलं नाही.

तेव्हापासून नियम झाला. कोणाचीही नवी चाबी आली की तिचा ठसा पाहायचा. ठसा म्हणजे आकड्या-अक्षरांची एक लांबलचक ओळ, प्रत्येक चाबीची वेगळी. ज्याची चाबी, त्याला फोन लावायचा आणि ठसा मोठ्याने वाचायचा. जुळला तरच चाबी घ्यायची. आणि मेसेजवर कधीच नाही. "मेसेज कोनीही करते. आवाज ओळखून चाबी घेजो," हे त्यांचं वाक्य आम्हाला झोपेतही म्हणता आलं असतं.

आता त्या ठशात ए पासून एफपर्यंत इंग्रजी अक्षरं येतात, आणि आमच्या फोनवर बी, डी, ई सगळं एकसारखंच ऐकू येतं. मग बंडूभाऊंनी गावं लावून दिली. ए अकोट, बी बडनेरा, सी चिखलदरा, डी दर्यापूर. ई ला त्यांनी अचलपूरचं जुनं नाव उकरून काढलं, एलिचपूर. एफ ला काही केल्या मनासारखं गाव सापडेना, तेव्हा म्हणाले, "जाऊ दे, फुटाना घे." झालं, आमचं ठरलं. "सात, बडनेरा, तीन, फुटाना, फुटाना, दर्यापूर..." भर दुपारी सेंटरमध्ये बसून मी असं ओरडत असायची.

बाहेर बाकावर पेशंटचे नातेवाईक बसलेले. एकदा एक आजोबा काठी टेकत आत आले. "बाई, मूर्तिजापूर घेते का हे गाडी?" मी फोनवर होते. त्यांना हाताने थांबा म्हटलं, आणि तोंडातून गेलं, "नऊ, बडनेरा, मूर्तिजापूर..."

पलीकडून मग बंडूभाऊ: "हे मूर्तिजापूर कुठून आलं वं मधातच?"

"भाऊ, आजोबा उभे आहेत समोर, त्याहीले जाचं आहे."

"त्याहीले पाठव मूर्तिजापूरले. अन् तू पयल्यापासून वाच."

पहिल्यापासून! म्हणजे सगळी ओळ. एक अक्षर चुकलं तरी हा माणूस पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावायचा. मी चडफडायची. आता वाटतं, अजून चार वेळा चुकले असते तर तेवढंच बोलणं झालं असतं.

ठसा वाचण्याआधी आमचं भांडण व्हायचं, आणि बंडूभाऊ ते मुद्दाम उकरून काढायचे. "काय वं ज्योती, अकोल्यात मानसं आहेत का अजून, का उन्हानं भाजली सारी?" मी गप्प बसणाऱ्यातली नव्हेच. "अमरावतीच्या लोकाहीले ऊन सोसत नाही म्हनून त्याहीनं चिखलदरा ठेवला उशाले." मग ते आमच्या रस्त्यांवर घसरायचे, आमच्या माळीपुऱ्यातल्या घरावर यायचे. माझ्या घरची भाजीची बाडी, म्हणजे छोटा मळा, त्यावरून म्हणायचे, "तुह्या बापाच्या वांग्यात बिया जास्त अन् वांगं कमी." माझं डोकं फिरायचं. मी तोंड सोडलं की ते खूश होऊन म्हणायचे, "हाव, तूच आहेस. वाच आता." आवाजाची नक्कल कोणी करेल, त्यांचं म्हणणं असायचं, पण चिडायची नक्कल करता येत नाही.

एकदा गंमतच झाली. सेंटरचे मोठे डॉक्टर माझ्या खुर्चीमागे उभे, आणि बंडूभाऊंचा फोन. त्यांनी नेहमीप्रमाणे वांग्यावर घेतलं. मी काय बोलणार? म्हटलं, "हो सर, बरोबर आहे सर." फोन कट. पाठोपाठ अकोल्याची सगळी लाइन बंद. डॉक्टर लालबुंद, मी पांढरीफटक. तेवढ्यात आमचा चौकीदार धापा टाकत आत आला आणि माझ्या तोंडाकडे निरखून पाहायला लागला. "ताई, तुमी बऱ्या आहा नं? पाठकसाहेबाचा फोन आला. म्हनत, ज्योतीच्या जागेवर दुसरं कोनी बसलं आहे, पाहून ये." मी डॉक्टरांसमोरच फोन लावला आणि बंडूभाऊंना असं काही झापलं, की दोन मिनिटांत लाइन सुरू. डॉक्टर नंतर मला जरा वचकूनच असायचे.

ही सगळी थट्टा होती असं नाही. कधी कोणी म्हटलं की भाऊ, साधे स्कॅनचे फोटो, कोण कशाला चोरतो, तर त्यांचा आवाज एकदम खाली यायचा. आमच्याकडे यायच्या आधी ते जिथे होते तिथे रिपोर्टचा फोटो काढून मोबाइलवर पाठवायचे, या ग्रुपवरून त्या ग्रुपवर. एका मुलीच्या पोटाचा रिपोर्ट असाच फिरत फिरत तिच्या होणाऱ्या सासरी पोचला. मूल होणं अवघड, असं काहीसं त्यात होतं. लग्न मोडलं. ते मोडल्यावर त्या मुलीला समजलं की आपल्याला असं काही आहे. "तिच्या पोटातली गोठ, अन् तिलेच सर्वात शेवटी समजली," बंडूभाऊ म्हणायचे. "दुखनं ज्याचं, बातमी पयले त्याची. मी तेवढ्यासाठी इथी बसलो."

मग एका उन्हाळ्यात त्यांचा घोगरा आवाज जास्तच घोगरा झाला. ठसा वाचता वाचता मध्येच तुटायचा. मी म्हटलं, "भाऊ, खर्रा सोडा." म्हणाले, "सोडला नं." आणि पुढच्याच मिनिटाला, "थांब वं, थुकून येतो."

आणि एक दिवस ते स्वतःच आमच्या सेंटरला येऊन उभे राहिले. अमरावतीचं आपलं सेंटर सोडून मुद्दाम अकोल्याला. तिथल्या पोरांना कळू द्यायचं नव्हतं. मानेचं स्कॅन होतं. मीच केलं. पडद्यावर जे दिसलं ते सांगायचा मला अधिकार नव्हता, पण मी वर्षानुवर्षं तेच पाहते आहे. टेबलावरून उतरताना त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. फक्त म्हणाले, "नीट पाठवजो. सुलभाले मी सांगीन." त्यांनीच घातलेल्या कुलपात त्यांचा स्कॅन बंद होऊन अमरावतीला गेला. मी बाथरूममध्ये जाऊन रडून आले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

नागपूरला ऑपरेशन झालं. जीव वाचला, पण स्वरयंत्र काढावं लागलं. डॉक्टरांनी घरी सोडताना एक मशीन दिलं, टॉर्चएवढं. ते गळ्याला लावून ओठ हलवले की मशीन गुणगुणतं आणि त्यातून शब्द उमटतात. बरेच लोक त्यावर बोलतात. बंडूभाऊंनी ते एकदा ऐकलं आणि कपाटात ठेवून दिलं.

वहिनी मला फोन करून रडायच्या. "ज्योती, अगं, घर कसं मुकं झालंय. हे पाटीवर लिहून देतात. मीठ जास्त झालं तरी लिहून देतात. मी म्हटलं, ते यंत्र लावा की हो. तर काय लिहिलं माहितीये? 'हे कोणाच्याही गळ्याला लावा, आवाज एकच येतो. मग मी कोण?' आता याला काय उत्तर देऊ मी?"

जन्मभर आवाजावरून माणूस ओळखा म्हणून सांगत आलेला माणूस, त्याला म्हणायचं की आता सगळ्यांचा असतो तोच आवाज तू घे!

थोडे बरे झाल्यावर ते घरूनच काम बघायला लागले. नवा लॅपटॉप आला, म्हणजे नवी चाबी आली. दुपारी त्यांचा मेसेज: "ज्योती, नवी चाबी पाठवली. घे."

मी तो मेसेज किती तरी वेळ पाहत बसले. नंबर त्यांचा, बोलणं त्यांचं. एक बटण दाबायचं होतं. पण बोट काही पुढे जाईना. या माणसानेच ते बोट धरून ठेवलं होतं ना! तेवढ्यात वहिनींचा फोन. "मी वाचून दाखवू का गं ठसा? पण हे मान हलवताहेत, नाही म्हणतात. बायकोवरही भरवसा नाही यांचा!" मी म्हटलं, वहिनी, चाबी ज्याची, ठसा त्याचाच. आणि बंडूभाऊंना लिहिलं, "घेतली नाही. मीच येते."

लगेच उत्तर आलं, "शाबास वं."

रविवारी सकाळची एसटी धरून अमरावतीला गेले. दार वहिनींनी उघडलं. बंडूभाऊ पुढच्या खोलीत लॅपटॉप उघडून बसलेले. गळ्याशी पांढरी पट्टी, खांदे उतरलेले, पण सदरा कडक इस्त्रीचा. त्यांनी खुर्चीकडे बोट दाखवलं आणि मग पडद्याकडे. आधी काम.

मी माझ्याकडे आलेला ठसा वाचायला घेतला. "चार, दर्यापूर, अकोट, एक..." एकेका अक्षराला ते टेबलावर बोट टेकवायचे. टक. टक. आयुष्यात पहिल्यांदा ठशाच्या आधी भांडण झालं नव्हतं, आणि त्याने डोळे असे भरून आले की अक्षरं पुसट दिसायला लागली. बोट थांबलं. पंजा वर. चुकले होते. मी त्या अक्षरापासून वाचायला लागले, तर त्यांनी मान हलवली आणि हाताने मागे, मागे, अगदी मागे अशी खूण केली. पहिल्यापासून. मला रडता रडता हसायला आलं.

ओळ संपली. शेवटचं बोट टेकलं. मी त्यांच्यासमोर चाबी घेतली.

वहिनी पोहे घेऊन आल्या, आणि बशी ठेवता ठेवता म्हणाल्या, "ज्योती, तू तरी सांग गं यांना. माझं नाही ऐकत, तुझं ऐकतील." आणि डोळ्याला पदर लावून आत गेल्या. आतून भांडी घासल्याचा आवाज यायला लागला.

बंडूभाऊंनी तोंड फिरवलं. मी काही ठरवून गेले नव्हते. पण मला आला राग, आणि राग आला की मी बोलते.

"भाऊ, एक सांगा. फोनवर आवाज काहून पाह्यजे होता? मानूस दिसत नव्हता म्हनून नं? आता मी समोर बसून ठसा जुळवला. आता उद्या तुमी मेसेज करा, चिठ्ठी पाठवा, नाही तं डबडं वाजवा, मी घेईन का नाही? घेईन. एकदा समोरासमोर जुळलं की मंग वाटेत कसंही येवो, चालते. तुमीच शिकवलं. मले तं यासाठी आज अकोल्याहून यावं लागलं. वहिनीनं तुमचा ठसा लग्नातच पाह्यला. त्याहीले कोनता आवाज लागते? तुमीच त्याहीची लाइन बंद करून बसले."

मला वाटलं, जास्त बोलले. आजारी माणसाला असं बोलतात का? मी पोहे पुढे ओढले आणि खाली मान घालून खायला लागले.

खुर्ची सरकली. कपाट उघडलं. परत येऊन बसले तेव्हा ते मशीन त्यांच्या हातात होतं. त्यांनी ते गळ्याला लावलं, नुसतीच घुरघुर झाली. जरा वर सरकवलं, पुन्हा लावलं. ओठ हलले, आणि एक पत्र्याचा, सपाट आवाज खोलीत आला. बाईचा नाही, पुरुषाचा नाही, कोणाचाच नाही.

"सुलभा. माझा चष्मा कुठी ठेवला?"

"असेल तिथेच टीव्हीपाशी!" आतून वहिनी वैतागून ओरडल्या. "एक वस्तू म्हणून जागेवर सापडत नाही यांना. दिवसभर आपलं, सुलभा हे कुठे, सुलभा ते..."

आणि भांड्यांचा आवाज थांबला.

नळ तसाच वाहत होता. वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या, कोपरापर्यंत साबणाचा फेस. बंडूभाऊंनी ते मशीन गळ्यापाशी तसंच धरलेलं, पुढचं बोलायला. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते असं. चष्मा त्यांच्या नाकावरच होता.